घुसाडी कुणाला पळवून लावतो?

लोकसाहित्याच्या तासाला मुखवट्यांचा आणि सोंगांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते: "दुष्ट शक्तींना पळवून लावण्यासाठी आदिम माणूस अशी भयानक रूपे धारण करीत असे." बल्गेरियातील गावकरी हिवाळ्यात केसाळ कातडी पांघरून, कमरेला अवजड घंटा बांधून नाचतात, त्यांनाही हेच वाक्य लागू होते. किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या आसपासच्या डोंगरपट्ट्यात, दिवाळीच्या सुमारास मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्या गोंड घुसाडीलाही तेच. एकच वाक्य दोन खंडांना, दोन ऋतूंना आणि दोन अगदी भिन्न समाजांना इतके चपखल बसते, याचे आपल्याला कौतुक वाटते. आमच्या मते इथे संशय यायला हवा होता. जे विधान कुठेही बसते, ते कुठल्याच ठिकाणाविषयी फारसे काही सांगत नसते.

प्रथम बल्गेरिया. तेथील सोंगाड्यांना बहुतेक ठिकाणी 'कुकेरी' म्हणतात. पेर्निक परिसरात हा सण १३ आणि १४ जानेवारीला येतो आणि त्याला 'सुरोवा' असे नाव आहे. त्याच्या नावामागे 'प्राचीन' हे विशेषण आता कायमचे चिकटले आहे. ते कुठून आले? आर. एम. डॉकिन्स या इंग्रज अभ्यासकाने १९०६ साली थ्रेसमधील ग्रीक खेड्यांतल्या अशाच एका सोंगावर निबंध लिहिला आणि त्याचा संबंध डायोनिससच्या उपासनेशी जोडला. फ्रेझरचा 'द गोल्डन बाऊ' १८९०पासून वाचकांच्या हाती होता. प्रत्येक ग्रामीण विधीत बुडालेल्या धर्माचा अवशेष शोधण्याचा तो काळ होता. डायोनिससपासून विसाव्या शतकातील शेतकऱ्यापर्यंतचा अखंड दुवा मात्र कागदोपत्री दाखवता येत नाही. तरीही 'प्राचीन' हा शब्द टिकला, कारण पर्यटनाच्या पत्रकाला तो सोयीचा असतो आणि पाठ्यपुस्तकालाही.

आता पेर्निकचे गावकरी प्रत्यक्षात काय करतात ते पाहू. सोंगाड्यांचा मेळा घरोघर जातो. त्यात नवरा-नवरी असतात, पुरोहित असतो, अस्वल असते. लुटुपुटूचे लग्न लागते. घरधनी त्यांची वाट पाहत असतो आणि भेट देतो. जमलेल्या भेटी पुष्कळदा पुढे अनाथांना व गरिबांना दिल्या जातात. घंटांच्या आवाजाने अरिष्ट टळते असे तेही म्हणतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अरिष्ट टाळणे ही त्या दोन दिवसांतील एक गोष्ट आहे. गावाने गावातल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन उभे राहणे ही दुसरी, आणि आमच्या दृष्टीने अधिक मोठी गोष्ट आहे. आपल्या एका वाक्यात पहिलीच तेवढी उरते.

किनवटकडे वळल्यावर हे अधिक ठळक होते. घुसाडीच्या चेहऱ्यावर लाकडी मुखवटा नसतो. डोक्यावर मोरपिसांचा भव्य टोप, अंगाला फासलेली राख, खांद्यावर कातडे, गळ्यात माळा, पायांत घुंगरू, हातात काठी, असे त्याचे रूप असते. हे रूप म्हणजे व्रत आहे. ते धारण केल्यापासून दिवाळीत उतरवीपर्यंत घुसाडी स्नान करीत नाही, नेम पाळतो, आणि लोक त्याच्याशी देवाशी वागावे तसे वागतात. तो एकटाही नसतो. त्याच्यासोबत दंडारीचा मेळा असतो, वाजंत्री असतात, स्त्रीवेष घेतलेले पुरुष असतात. एका गावची दंडारी दुसऱ्या गावाला पाहुणी जाते. यजमान गाव सामोरे येते, जेवू घालते, रात्र नाचण्यात जाते. अशा भेटींतून गावांचे जुने संबंध पक्के होतात, सोयरिकीची बोलणीही निघतात. ज्याला आपण भुते हाकलणारा म्हणतो, तो मुख्यतः पाहुणा म्हणून येतो. हाकलणे आणि घरी येणे या दोन क्रिया एकमेकींच्या किती विरुद्ध आहेत, हे भाषेच्या अभ्यासकांना तरी सांगावे लागू नये.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. घुसाडीच्या काठीच्या स्पर्शाने दुखणे बरे होते अशी श्रद्धा गोंडांमध्ये आहेच. मग पीडा घालवणे हाच अर्थ नव्हे काय? आमचे उत्तर असे की, जो स्पर्श करतो तो देवाचा पाहुणा आहे म्हणून त्या स्पर्शाला अर्थ आहे. नाते आधी, उपचार नंतर. आपण नाते गाळून उपचार तेवढा ठेवतो आणि मग त्यावर 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारायला मोकळे होतो.

ही माहिती दुर्मिळ आहे, असेही म्हणता येणार नाही. १९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम मारला गेला. त्या उठावाने हादरलेल्या निजाम सरकारने गोंडांच्या प्रश्नाकडे पाहण्यासाठी क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबाद जिल्ह्यात धाडले. तो मारलवाई या गावी राहिला. त्याचा 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. किनवट तालुका त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातच होता. १९५६च्या पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. म्हणजे आपण ज्या ग्रंथाला 'आंध्राकडचा' म्हणून बाजूला ठेवतो, तो आपल्याच तालुक्याच्या मुलखाविषयीचा आहे. त्याच मारलवाईचे घुसाडी नृत्याचे गुरू कनक राजू यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. २०२४ साली ते निवर्तले. सीमेपलीकडे ज्याला गुरू मानले गेले, त्याचा विधी सीमेअलीकडच्या आपल्या टिपणांत अजून 'आदिम माणसा'च्या खात्यावर जमा आहे.

मराठीच्या अभ्यासकांनी तर याहूनही जवळचा धागा सोडला आहे. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी निजामी राज्यात अधिकारी असताना गोंडांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले आणि तिच्या व्याकरणावर त्यांनी लिहिले. मारलवाईला १९४०च्या दशकात गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले, तेव्हा गोंडी वाचनाची पुस्तके देवनागरीत छापली गेली. गोंडांची दीर्घ कथागीते गाणाऱ्या परधानांची घरची बोली आदिलाबादेत मराठी होती, आणि गाणे गोंडीत. दोन भाषांच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या या गायकांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात साधी तळटीपही नसावी, हे आम्हाला बल्गेरियाविषयीच्या अज्ञानापेक्षा फार गंभीर वाटते.

शब्दांचा गोंधळही यातूनच जन्मतो. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत 'दंडार' हा लोकनाट्याचा प्रकार आहे. किनवटची दंडारी हा गोंडांचा व्रतस्थ फेरा आहे. नावातले साम्य पाहून विद्यार्थी एकाची लक्षणे दुसऱ्याला लावतो, आणि ते तपासणाऱ्यालाही फरक ठाऊक नसतो. भाषा न ऐकता केवळ नाव उचलले की असेच होणार.

या साऱ्यात पणाला काय लागले आहे? इस्लापूर-किनवटच्या पट्ट्यातून महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींत गोंड, कोलाम, आंध, परधान घरांतली मुले असतात. त्यांतल्या एखाद्याच्या काकाने यंदा टोप धारण केलेला असतो. तो मुलगा परीक्षेपुरते टिपण पाठ करतो, की हे आदिम मनाच्या भीतीचे अवशेष आहेत. गुण मिळवण्यासाठी त्याला आपल्या काकाचे व्रत विसरावे लागते. २०११च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा म्हणून सुमारे ३० लाख लोकांनी नोंदवली; आठव्या अनुसूचीत ती नाही, आणि आपल्या वर्गातही नाही. वर्गात बसलेल्या साक्षीदाराला गप्प बसवून भूतकाळाविषयी बोलणाऱ्या अभ्यासाला अभ्यास म्हणावे काय?

काही जण म्हणतील की निदान महोत्सवांच्या रंगमंचावर घुसाडी नाचतो आहे, परंपरा टिकते आहे, तुमची तक्रार अतिरेकी आहे. रंगमंचाशी आमचे वैर नाही. पेर्निकमध्येही १९६६पासून सोंगांचा मोठा महोत्सव भरतो, आणि त्याने त्या शहराला नाव मिळवून दिले. परंतु २०१५ साली युनेस्कोने आपल्या यादीत जे नोंदवले ते पेर्निक परिसरातील खेड्यांचा 'सुरोवा' हा सण. आपल्याकडे क्रम उलटा आहे. दहा मिनिटांचे समूहनृत्य पाहून आपण मूळ विधीवर निबंध लिहितो. रंगमंचावर यजमान नसतो, दुसरे गाव नसते, नेम नसतो. उरतो तो पोशाख. आणि पोशाखाकडेच पाहत राहिले तर 'भयानक रूप' यापलीकडे काय सुचणार?

दुर्गा भागवतांनी 'लोकसाहित्याची रूपरेखा' १९५६ साली सिद्ध केली. तिच्यानंतरच्या इतक्या वर्षांत आपण रूपरेखेत रंग भरायचे होते. आपण ती गाळीव संचांपुरती बारीक करीत आणली. म्हणून आमचे मागणे मोठे नाही. मुखवटा आणि सोंग या घटकाची सुरुवात भुतांपासून करू नये, भेटीपासून करावी: कोण कुणाकडे जातो, काय घेऊन जातो, त्याला काय दिले जाते, कोणत्या भाषेत बोलले जाते. फ्रेझर आणि डॉकिन्स अवश्य शिकवावेत, पण एका विशिष्ट काळाने केलेली मांडणी म्हणून. गोंडी येणाऱ्या विद्यार्थ्याचे कथन ग्रंथाइतकेच आधारभूत मानावे, आणि त्याने ग्रंथ खोडून काढला तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.

एवढे झाले तर घुसाडी कुणाला पळवून लावतो, या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थीच देतील. तोपर्यंत त्याने आपल्या अभ्यासक्रमातून एकच गोष्ट पळवून लावलेली दिसते, ती म्हणजे आपले कुतूहल. आणि त्याचा दोष त्याच्याकडे जात नाही.