भगदाड कथानकात नाही

अवकाशगाथांवर वाद घालणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असे मानणारा एक वर्ग आपल्यात आहे. त्याच गाथांतील चुका मोजणे म्हणजे रसिकतेची परिसीमा, असे मानणारा दुसरा वर्ग आहे. वरवर पाहता हे दोघे एकमेकांचे विरोधक. परंतु एका मुद्द्यावर त्यांचे पूर्ण मतैक्य आहे. ही गोष्ट आपल्यालाच काही जाब विचारीत आहे, हे दोघांनाही मान्य नाही. प्रस्तुत लेख या दोन्ही वर्गांशी भांडण्यासाठी लिहिला आहे.

जॉर्ज लुकस यांचा ‘स्टार वॉर्स’ १९७७ साली आला. एक जुलमी साम्राज्य आणि त्याच्याशी झुंजणारे मूठभर बंडखोर, एवढीच त्याची चौकट. हे साम्राज्य मुळात आले कोठून, हे सांगणारे तीन चित्रपट त्यांनी १९९९, २००२ आणि २००५ या वर्षी आणले. पुढे टोनी गिलरॉय यांची ‘अँडोर’ ही मालिका आली. २०२२ आणि २०२५ या दोन वर्षांत मिळून तिचे चोवीस भाग प्रसारित झाले. या साऱ्या पूर्वकथा आहेत. पूर्वकथेचा शेवट सर्वांना आधीच ठाऊक असतो. त्यामुळे तिचा प्रेक्षक ‘पुढे काय झाले?’ असे विचारीत नाही. ‘असे होऊच कसे शकले?’ असे विचारतो. चाहत्यांचे वाद पेटतात ते या प्रश्नावर.

जे खरोखर चुकले आहे ते आधी मान्य करू. १९८३ च्या चित्रपटात राजकन्या लेया आपल्या जन्मदात्या आईची पुसट आठवण सांगते. २००५ च्या चित्रपटात मात्र ती आई बाळंतपणातच प्राण सोडते. अनाकिन हा तरुण योद्धा ज्या झपाट्याने बालहत्येपर्यंत घसरतो, तो झपाटाही पटण्याजोगा नाही. ही छिद्रे खरी आहेत आणि ती दाखविणाऱ्यांचा राग धरण्याचे कारण नाही.

परंतु ज्या आक्षेपाचा सर्वांत मोठा गाजावाजा होतो, तो या जातीचा नाही. चॅन्सलर पाल्पटीन युद्धाच्या दोन्ही बाजू स्वतःच हलवितो. संकटाचे निमित्त करून २००२ च्या चित्रपटात तो आणीबाणीचे अधिकार मिळवितो. हे अधिकार त्याला देण्याचा ठराव मांडतो तो कोणी खलपुरुष नव्हे, तर एक भोळा, सद्हेतूचा प्रतिनिधी. २००५ च्या चित्रपटात पाल्पटीन सिनेटमध्ये उभा राहून प्रजासत्ताकाचे साम्राज्य झाल्याचे जाहीर करतो आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमून जाते. आक्षेपक म्हणतात, हे अशक्य आहे. शतकानुशतके स्वातंत्र्य भोगलेले लोकप्रतिनिधी स्वतःच्या हाताने स्वतःचे अधिकार देऊन टाकतील आणि वर टाळ्या पिटतील? ही तर लेखकाने आपल्या सोयीसाठी केलेली लबाडी!

वाचकहो, २३ मार्च १९३३ रोजी बर्लिनमध्ये नेमके हेच घडले. संसद भवनाला फेब्रुवारीतच आग लागलेली असल्यामुळे अधिवेशन क्रोल ऑपेरागृहात भरले होते. सभागृहात हिटलरच्या गणवेशधारी टोळ्या उभ्या होत्या. कम्युनिस्ट सभासदांना पकडलेले किंवा पळवून लावलेले होते. संसदेला वगळून कायदे करण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक मताला आले. त्यासाठी दोन तृतीयांश मते हवी होती. विधेयकाच्या बाजूने ४४४ मते पडली, विरुद्ध ९४. विरोधातली ती सर्व मते सोशल डेमोक्रॅट पक्षाची होती आणि त्या पक्षाच्या वतीने ओटो वेल्स धमक्यांना न जुमानता बोलले.

आता आपल्या घरातली गोष्ट. सेंटर पक्ष हा जर्मन कॅथलिकांचा पक्ष. त्याचे नेते लुडविग कास हे धर्मगुरू होते. हाइनरिश ब्रूनिंग यांच्यासारख्या जाणत्या सभासदाने पक्षाच्या बैठकीत विरोध केला. तरी मतदानाच्या वेळी साऱ्या पक्षाने होकारच दिला. ही माणसे दुष्ट होती का? मुळीच नाही. त्यांना कॅथलिक शाळांची काळजी होती, आपल्या संस्था टिकविण्याची धडपड होती, रस्त्यावरच्या हिंसेची भीती होती. त्यांना आश्वासने मिळाली होती आणि ती त्यांनी खरी मानली. जुलै उजाडताच सेंटर पक्षाला स्वतःचे विसर्जन करावे लागले. त्याच महिन्यात जर्मनी आणि व्हॅटिकन यांच्यात करार झाला आणि त्याचा भंगही लागलीच सुरू झाला. मार्च १९३७ मध्ये पोप अकरावे पायस यांचे जर्मन भाषेतील परिपत्रक देशभरच्या चर्चमधून वाचले गेले. त्यात नाझी विचारसरणीवर कडक टीका होती. ते धैर्य होतेच. पण चार वर्षे निघून गेली होती.

तेव्हा भगदाड कथानकात नाही. ते आपल्या इतिहासाच्या आकलनात आहे. काल्पनिक सिनेटच्या टाळ्या ज्याला अतार्किक वाटतात, त्याने त्या ४४४ मतांचा तर्क आधी मांडून दाखवावा.

दुसरा आक्षेप असा: सम्राटाला सिनेट नकोच होती, तर एकोणीस वर्षे ती ठेवली कशाला? १९७७ च्या चित्रपटात ती अखेर बरखास्त झाल्याचे आपण ऐकतो. तोवर तिचे काय काम होते? याचे उत्तर प्रभू येशूच्या जन्मकाळीच सापडते. ज्याच्या आज्ञेने शिरगणती झाल्याचे लूककृत शुभवर्तमान सांगते, त्या ऑगस्टसने रोमची सिनेट मोडली नाही. तिचा मान राखला, तिच्याकडूनच पदव्या घेतल्या आणि सत्ता मात्र आपल्या मुठीत ठेवली. रिकामे सभागृह हुकूमशहाला उपयोगी पडते. सारे नियमानुसार चालले आहे, असे सांगण्याची सोय त्यामुळे होते.

तिसरा आक्षेप ‘अँडोर’मधील तुरुंगासंबंधी आहे. नायकाला क्षुल्लक निमित्ताने सहा वर्षांची सजा होते. अनवाणी कैदी विजेने भारता येणाऱ्या जमिनीवर उभे राहून यंत्रांचे सुटे भाग जोडतात. ज्या साम्राज्याकडे यंत्रमानव आहेत, ते हे काम माणसांकडून का करून घेईल, असे विचारले जाते. मालिकेचे उत्तर सरळ आहे: माणूस स्वस्त पडतो आणि मेला तर दुसरा आणता येतो. हेही पटत नसेल, तर मिटेलबाऊ-डोरा येथील बोगदे आठवावेत. त्या काळातील सर्वांत प्रगत अस्त्र म्हणजे व्ही-२ हे रॉकेट. त्याची जुळणी जमिनीखाली, उपाशी कैद्यांच्या हातून होत होती. यंत्रयुग आले म्हणून गुलामगिरी आपोआप संपत नाही.

आणि एक प्रसंग असा आहे की, ज्याविषयी चाहते फारसे भांडत नाहीत. कॅथलिक वाचकाला मात्र तो बोचला पाहिजे. आल्डानी नावाच्या ग्रहावरील डोंगरी लोक एका पवित्र दरीची यात्रा करतात. साम्राज्य त्या यात्रेवर बंदी घालीत नाही. ते लोकांना सखल प्रदेशात हलविते आणि यात्रेच्या लांबलेल्या वाटेवर विसाव्याच्या जागा व दारूचे गुत्ते उभारते. वर्षागणिक यात्रेकरू वाटेतच गळत जातात. बंदीने श्रद्धा चिवट होते; सोयीने ती विरघळते. हे ज्याने लिहिले त्याला राजकारण कळते, आणि धर्मही.

यावर काही चाहते शेवटचे अस्त्र काढतात: ‘आम्हाला मनोरंजन हवे; गोष्टीत राजकारण आणू नका.’ ज्या कथेच्या पहिल्याच चित्रपटात साम्राज्य, सिनेट आणि बंड आहे, तिच्यातून राजकारण वगळायचे म्हणजे मासळीने समुद्र वगळून पोहायचे! मॉन मॉथ्मा ही सिनेटर मालिकेत दीर्घकाळ मेजवान्या देते, हिशेब लपविते, बंडासाठी पैशाची व्यवस्था करते. या व्यवहारात तिच्या मुलीचे लग्नही गुंतते आणि आई म्हणून ती हरते. ‘येथे काही घडतच नाही’ अशी तक्रार होते. पण घॉर्मन ग्रहावर निःशस्त्र लोकांची कत्तल होते, बळींनाच हल्लेखोर ठरविले जाते, तेव्हा तीच स्त्री भर सिनेटमध्ये त्या कृत्याला वंशसंहार म्हणते. सत्याला त्याच्या नावाने हाक मारण्याची किंमत तिला पुरी ठाऊक असते. बर्लिनमधील त्या सभागृहात कॅथलिक बाकांवरून हेच वाक्य यायला हवे होते.

आपणही दूर राहून निवाडा देऊ नये. जून १९७५ मध्ये आपल्याच देशात आणीबाणी आली, तीही घटनेतील कलमाच्या आधाराने. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत निर्भयपणे बोलल्या. त्या बोलल्या म्हणून आज आपण अभिमानाने त्यांचे नाव घेतो. गप्प राहिलेल्यांची यादी कोणी करीत नाही, कारण ती फार लांब होईल.

म्हणून वडीलधाऱ्यांना विनंती की, मुले सिनेटवर आणि सम्राटावर तावातावाने वाद घालीत असतील, तर त्यांना गप्प करू नका, त्यांच्याजवळ बसा. आणि मुलांना विनंती की, ‘हे अशक्य आहे’ असे म्हणण्यापूर्वी इतिहासाचे पुस्तक उघडा. कथेत चूक कोठे आहे हे जरूर शोधा. पण त्या सभागृहात आपण असतो, तर आपले हात टाळ्यांसाठी उठले असते की नाही, हा प्रश्न टाळून वाद जिंकू नका. त्याचे उत्तर चित्रपटाच्या लेखकाकडे नाही. ते ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुढे उभे राहून द्यायचे आहे.