पत्ता बदलला, गप्पा चालू!

ऑफिसमधून निघता निघता तुम्ही फोनवरून क्लायंटला प्रेझेंटेशन पाठवता. ऐंशी टक्के अपलोड झालेलं असतं. तुम्ही गेटबाहेर पडता, ऑफिसचं वायफाय सुटतं, फोन मोबाइल डेटावर जातो आणि स्क्रीनवर येतं, 'फेल्ड. ट्राय अगेन.' सगळं पुन्हा पहिल्यापासून! मग आपण फोनला, अॅपला, मोबाइल कंपनीला मनसोक्त शिव्या घालतो.

आमच्या ग्रुपमध्ये एक नेटवर्क इंजिनीअर आहे. परवा चहा पिताना तो म्हणाला, "अगं, शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातायत. घोळ टीसीपीचा आहे." आम्ही मास कॉमवाले, त्यामुळे हे टीसीपी म्हणजे काय इथूनच माझी सुरुवात!

तर फंडा असा. इंटरनेटवर दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. त्यातला सगळ्यात कामसू म्हणजे टीसीपी. त्याची नियमावली १९८१ साली पक्की झाली. तेव्हाचे कम्प्युटर जागचे हलायचे नाहीत. त्यामुळे टीसीपी समोरच्याला ओळखतो ते त्याच्या आयपी अॅड्रेसवरून, म्हणजे पत्त्यावरून. वायफाय सोडून डेटावर गेलात की तुमचा पत्ता बदलतो आणि सर्व्हरच्या दृष्टीने तुम्ही अनोळखी. पुन्हा हॅलो, पुन्हा ओळखपाळख.

यावर डोकी चालवणं कधीच सुरू झालं होतं. १९९६ मध्ये 'मोबाइल आयपी' आला. आयडिया अगदी आपली! पोरगा शिकायला पुण्यात, पत्रं येतात गावच्या घरी आणि बाबा ती 'द्वारा अमुक अमुक' लिहून पुढे धाडतात. तसंच इथे डेटा आधी मूळ पत्त्यावर जाणार, तिथून तुमच्या नव्या पत्त्यावर. पण दरवेळी गावाला वळसा कोण घालणार? शिवाय अशी सोय नेटवर्कवाल्यांनीही करायला हवी. सामान्य माणसाच्या फोनपर्यंत हे प्रकरण फारसं पोचलं नाही.

मग आला मल्टिपाथ टीसीपी. वायफाय आणि डेटा, दोन्ही रस्ते एकदमच धरून ठेवायचे. २०१३ मध्ये अॅपलने आयफोनच्या 'सिरी'साठी तो वापरला. सही ना? पण वाटेतल्या फायरवॉलसारख्या यंत्रांना काही नवीन दिसलं की ती बिथरतात, माहीत नसलेली खूण सरळ काढून टाकतात. इतक्या वर्षांच्या सवयीने जुना टीसीपी जणू दगडात कोरला गेलाय.

म्हणून गुगलने २०१२ च्या सुमारास वेगळीच वाट धरली. नाव 'क्विक'. पुढे तो सगळ्यांसाठी खुला झाला आणि मे २०२१ मध्ये अधिकृत स्टँडर्ड बनला. त्या दस्तऐवजाचे संपादक जना अय्यंगार आणि मार्टिन थॉमसन. क्विक पत्त्यावर विसंबत नाही, प्रत्येक संभाषणाला एक ओळख क्रमांक देतो. लग्नानंतर आडनाव बदललं, घर बदललं, शहर बदललं, तरी पॅन नंबर तोच, तसं! पत्ता बदलला तरी गप्पा चालू.

पण थांबा. एकच नंबर सगळीकडे मिरवला तर घर ते ऑफिस कुणीही आपला माग काढेल की! म्हणून क्विक असे अनेक नंबर आधीच देऊन ठेवतो आणि रस्ता बदलताना नवा नंबर वापरतो. सर्व्हर तुम्हाला ओळखतो, वाटेतला बघ्या नाही. हे मला सगळ्यात आवडलं.

हे ठरवतं कोण? आयईटीएफ नावाचा इंजिनीअर लोकांचा गोतावळा. मेंबरशिप नाही, मतदान नाही. प्रस्ताव पटला का हे पाहायला हॉलमधले लोक चक्क 'हम्म' असा आवाज काढतात आणि त्यावरून अंदाज घेतला जातो! जुन्याची डागडुजीही हेच करतात. टीसीपीला इतक्या वर्षांत इतकी ठिगळं लागली होती की ऑगस्ट २०२२ मध्ये ती एकत्र शिवून नवी गोधडी करावी लागली, आरएफसी ९२९३.

माझा मुद्दा इथेच आहे. हॉलमध्ये बसणाऱ्या बऱ्याच जणांचा पगार मोठ्या टेक कंपन्या देतात. त्यांच्या डोळ्यांसमोर कुठला युजर असतो? बोगद्यात शिरणाऱ्या लोकलमधला? भाजीवालीसमोर यूपीआयचं चक्र फिरत असताना 'पैसे गेले की नाही' म्हणून ताटकळणारा? त्या भाजीवालीसाठी तो चाळीस रुपयांचा प्रश्न असतो, टेक्नॉलॉजीचा नाही. आपल्याकडे कितीतरी जणांचं अख्खं इंटरनेट म्हणजे हातातला फोन. दुसरा कम्प्युटर नाही, घरी वायफाय नाही. मग 'हम्म' करणाऱ्यांत आपलाही सूर हवा की नको?

दार उघडंच आहे. मसुदे फुकट वाचता येतात, सूचना घरबसल्या पाठवता येतात. हिंजवडी आणि ऐरोलीतल्या मंडळींनो, अप्रेझलच्या फॉर्मपेक्षा हे नक्कीच जास्त इंटरेस्टिंग आहे!

तोवर दोन टिप्स. क्विकची ही सोय अॅप आणि सर्व्हर दोघांनीही केलेली असेल तरच चालते, म्हणून महत्त्वाची फाइल पाठवताना निघायच्या आधीच वायफाय बंद करून डेटावर जा. आणि पेमेंट अडकलं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका, आधी हिस्टरी बघा. भाजीवालीला दोन मिनिटं थांबायला सांगा. ती थांबते, तिला सवय झालीय.