चीनचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्या

वैद्यकीय शिक्षण मातृभाषेतून द्यावं की नाही, ही चर्चा निघाली की एक वाक्य ठरलेलं असतं. "चीनमध्ये सगळं चिनी भाषेत शिकवतात, त्यांचं काय अडलं?" ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्य प्रदेशने एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तकं आणली, तेव्हापासून तर हा दाखला जास्तच ऐकू येतो. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं आपण ऐकून घेतलं नाही तर चीनकडून चुकीचा धडा शिकू.

आधी खरा भाग. चिनी भाषेत आजाराचं नाव म्हणजे आजाराची फोड असते. न्यूमोनिया म्हणजे 'फेइ-यान'. फेइ म्हणजे फुप्फुस, यान म्हणजे दाह. हेपॅटायटिस म्हणजे 'गान-यान', यकृताचा दाह. ल्युकेमियाचं नाव 'पांढऱ्या रक्ताचा आजार' आणि मधुमेहाचं 'साखर-लघवीचा आजार'. शाळा शिकलेल्या माणसाला रिपोर्ट वाचून निदान कुठला अवयव बिघडलाय एवढं तरी कळतं. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला नेफ्रायटिस वाचून मूत्रपिंड आठवेलच असं नाही, कारण तो शब्द ग्रीकमधून उचललेला.

आणि ही भाषा त्यांना आयती मिळालेली नाही. कॅन्सरसाठी जे चिनी अक्षर आहे त्याचा उच्चारसुद्धा पूर्वी 'यान' असाच होता. कागदावर दोन अक्षरं वेगळी, कानाला मात्र एकच. म्हणजे जठराला सूज आहे की जठराचा कॅन्सर आहे, हे नुसतं ऐकून कळायचं नाही! अखेर १९६० च्या दशकात शब्दकोशांनी कॅन्सरच्या अक्षराचा उच्चार बदलून 'आय' केला. रुग्णाच्या जिवाशी खेळ नको म्हणून एका अक्षराचा उच्चार बदलायचा, याला म्हणतात भाषेची काळजी घेणं.

आता दुसरा भाग. इतकं सगळं असूनही चिनी डॉक्टरला इंग्रजी वाचावं लागतं. नवी औषधं, चाचण्यांचे निष्कर्ष, उपचारांच्या मार्गदर्शक सूचना यांचा मोठा भाग आधी इंग्रजीत येतो. भाषांतर होईपर्यंत थांबायचं तर रुग्ण थांबत नाही. उलट बाजूनेही तेच. २००४ मध्ये चीनमधल्या डुकरांना बर्ड फ्लूची लागण झाल्याची माहिती तिथल्या एका पशुवैद्यकीय नियतकालिकात चिनी भाषेत छापून आली होती. जागतिक आरोग्य संघटनेसकट बाहेरच्या जगाच्या ती कित्येक महिने ध्यानातच आली नाही. माहिती लपवलेली नव्हती बरं का, छापलेली होती. वाचणारा नव्हता, एवढंच.

मग चीनने काय केलं? परीक्षा घेतली. बरीच वर्षं तिथे बढती हवी असेल तर परकीय भाषेची देशपातळीवरची परीक्षा द्यावी लागायची. त्यात इंग्रजीचा आरोग्य क्षेत्रासाठी वेगळा गट होता. ऐकणं नाही, बोलणं नाही, फक्त शब्दार्थ आणि उतारे. शब्दकोश सोबत न्यायला परवानगी. कागदावर कल्पना वाईट नाही, कारण डॉक्टरला खरी गरज वाचनाचीच असते. पण बढतीचं दार म्हटलं की त्याला किल्ल्या तयार होतात. शब्दांच्या याद्या, घोकंपट्टी, जुन्या प्रश्नपत्रिका. गावपातळीवर तीस वर्षं बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरलाही तोच अडथळा, ज्याचा तिच्या रोजच्या कामाशी काडीचा संबंध नाही. शेवटी २०१७ च्या सुरुवातीला सरकारने ही सरसकट अट काढून टाकली. बरं झालं. पण अट गेली म्हणून गरज गेली नाही.

माझं म्हणणं असं की गरज आणि परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण सगळे त्यांची गल्लत करतो.

शब्दसंग्रह ही तशी सोपी बाजू आहे. चिनी वाचकाला तर जास्तच सोपी, कारण ग्रीक-लॅटिन तुकडे त्याच्या अक्षरांसारखेच वागतात. 'आयटिस' दिसलं की 'यान' म्हणजे दाह, 'हेपॅट' दिसलं की 'गान' म्हणजे यकृत. असे शे-दीडशे तुकडे नीट बसले की हजारो शब्द आपोआप उलगडतात. हजार शब्द सुटे पाठ करायला लावणं हा शिकणाऱ्यावर अन्याय आहे.

अवघड असतात ते साधे दिसणारे शब्द. तपासणीच्या नोंदीत 'अनरिमार्केबल' लिहिलं असेल तर ती चांगली बातमी असते. 'सिग्निफिकंट' म्हणजे महत्त्वाचं नव्हे, ती संख्याशास्त्राची भाषा आहे. फरक रुग्णाला जाणवणारही नाही इतका किरकोळ असेल, तरी तो 'सिग्निफिकंट' असू शकतो. आणि सगळ्यात धोक्याची जोडी ही: 'फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही' आणि 'फरक नाही असा पुरावा मिळाला'. मराठीतही दोनदा वाचावं लागतं ना? पहिल्यात आपल्याला अजून माहीत नाही, दुसऱ्यात माहीत झालंय. यावर औषध चालू ठेवायचं की बंद करायचं हे ठरतं. मशीन भाषांतर आज पुष्कळ मदत करतं, पण अशा ठिकाणी ते घसरलं तर पकडायला वाचता येणारा माणूसच लागतो.

आता यातली नैतिक बाजू. २९ जानेवारी २०२० ला वुहानमधल्या पहिल्या ४२५ रुग्णांवरचा लेख एका नामांकित अमेरिकन नियतकालिकात इंग्रजीत आला. डिसेंबर २०१९ च्या मध्यापासूनच निकटच्या संपर्कातून माणसाकडून माणसाला लागण होत असल्याचे पुरावे दिसतात, असं त्यात म्हटलं होतं. चिनी लोक भडकले. आम्हाला २० जानेवारीपर्यंत कुणी हे स्पष्ट सांगितलं नाही आणि तुम्ही परदेशात लेख छापताय? हे मागाहून केलेलं विश्लेषण आहे, असा खुलासा झाला, आणि तो साफ उडवून लावण्यासारखा नाही. पण लोकांचा राग भाषेबद्दलही होता. आपल्याच आजाराची बातमी आपल्याला न कळणाऱ्या भाषेत आधी छापली जावी, हे कुणालाही झोंबेल. सरकारनेही मग संशोधकांना बजावलं की आधी साथ आवरा, लेख नंतर.

दुसरं टोक हाँगकाँगचं. तिथल्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टर रुग्णाशी कँटोनीजमध्ये बोलतात आणि नोंदी बहुतांशी इंग्रजीत करतात. डॉक्टरची वाचनाची अडचण सुटली, पण स्वतःच्या आजाराचा कागद वाचण्याची अडचण रुग्णाच्या गळ्यात पडली. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या डिस्चार्ज कार्डाचीही हीच कथा आहे.

म्हणून चीनचा दाखला देताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. डॉक्टरने शिकायचं कुठल्या भाषेत, रुग्णाला समजवायचं कुठल्या भाषेत आणि नवं ज्ञान वाचायचं कुठल्या भाषेत. तिन्हींचं उत्तर एकच असायला हवं हा हट्ट मराठीवालेही धरतात आणि इंग्रजीवालेही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले. शिक्षण इंग्रजीतून झालेलं, तरी तिथे जाऊन चिनी शिकले, कारण समोरचा रुग्ण चिनी बोलत होता.

उद्या मराठीतून एमबीबीएस झालंच, तर माझी मागणी एवढीच: पहिल्या वर्षापासून आठवड्याला दोन तास इंग्रजी शोधनिबंध वाचायला शिकवा. गुणांसाठी नाही, बढतीसाठी तर नाहीच. आणि एमबीबीएस इंग्रजीतच राहिलं, तर निदान डिस्चार्ज कार्डावर चार ओळी मराठीत लिहिणं सक्तीचं करा. दुसऱ्या मागणीला ना नवी पुस्तकं लागतात ना नवा कायदा. रुग्णालयाने एक परिपत्रक काढलं तरी पुरे.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर मांडा. फक्त यापुढे चीनचं नाव घेताना ते अर्धं घेऊ नका.