“हिला दूधच नाही!”

भगिनींनो, बाळंतिणीच्या खाटेजवळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे वाक्य हमखास ऐकू येते. सासूबाई धास्तावतात, नवरा मेडिकलमधून पावडरचा डबा आणतो आणि दरमहा पगारातले पैसे त्या डब्यात जाऊ लागतात. दूध खरेच नव्हते का?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी आहे. तिच्यातून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तात उतरते आणि छातीतल्या पेशींना दूध तयार करायला लावते. गरोदरपणी ते भरपूर असते, पण वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन दूध अडवून धरते. वार पडली की अडसर निघतो, तरी दूध भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर थोडा पिवळसर चीक येतो. एवढ्याशा पोटाला बहुधा तो पुरतो. म्हणजे घरचे घाबरतात, तेव्हा दूध वाटेवरच असते!

पुढचे काम बाळाचे. ते ओढू लागले की मेंदूला निरोप जातो आणि प्रोलॅक्टिन वाढते. रात्री ते जास्त असते, म्हणून रात्रीचे पाजणे चुकवू नका. बाटली दिली की बाळ अंगावर कमी ओढते, छाती भरलेली राहते आणि दूध खरोखर आटू लागते. मग शेजारीण म्हणते, “मी सांगितलेच होते!” छाती लहान की मोठी, याचा दुधाशी फारसा संबंध नाही. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसरात्रीत सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. बाळ सुस्त पडले, लघवी कमी झाली, तर मात्र दवाखाना लगेच गाठा. कामावर जाणाऱ्या आईने दूध हाताने स्वच्छ वाटीत पिळून ठेवावे, घरच्यांनी ते चमच्याने पाजावे.

उलटही घडते. मूल अंगावर पीत नसताना छातीतून दूध येते, पाळी थांबते, दिवस राहत नाहीत. बाई लाजेने बोलत नाही, आणि घरात ‘वांझ’ म्हणून टोमणे सुरू होतात. यामागे वाढलेले प्रोलॅक्टिन असू शकते. थायरॉईड मंद असणे, उलटीच्या किंवा मानसिक आजाराच्या काही गोळ्या, पियुषिकेवरची लहानशी गाठ ही त्याची कारणे. ही गाठ सहसा कर्करोगाची नसते आणि बहुतेकींना गोळ्यांनीच गुण येतो. रक्त तपासले की प्रोलॅक्टिन वाढले आहे का ते कळते. चालू असलेली मानसिक आजाराची गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. आणि हो, प्रोलॅक्टिन पुरुषांतही वाढते, त्यानेही मूल होण्यात अडचण येते. तपासायला जाताना नवऱ्यालाही सोबत न्या.