यंत्रांआधी व्यवस्था हवी
पनामा कालवा १९१४ मध्ये खुला झाला, त्याचे श्रेय सर्रास वाफेवर चालणाऱ्या महाकाय फावड्यांना दिले जाते. ते अपुरे आहे. मुख्य अभियंता जॉन स्टीव्हन्स १९०५ मध्ये तेथे पोहोचले, तेव्हा यंत्रे होतीच. उपसलेली माती वाहून नेणारी रेल्वे मात्र तोकडी होती आणि पीतज्वराने मजूर धास्तावले होते. त्यांनी खोदकाम थांबवून आधी रूळ, वसाहती आणि डासनिर्मूलन यांना बळ दिले. आधीच्या फ्रेंच प्रयत्नातली यंत्रे दुबळी होती, हा आक्षेप खरा आहे. पण माती न्यायला वाघिणी नसतील, तर सर्वांत बलाढ्य फावडेही नुसते उभे राहते. म्हणून आपणही यंत्रखरेदीवरून प्रगती मोजू नये. कुशल चालक, देखभाल आणि मजुरांचे आरोग्य यांवर आधी खर्च करावा.