चॅनलची चावी कुणाकडे?

लखनौला आत्तेबहिणीकडे गेलो होतो. तिच्या मुलीच्या शाळेचं उन्हाळ्याच्या सुट्टीत नूतनीकरण झालं होतं आणि पालकांना ते बघायला बोलावलं होतं, म्हणून मीही सोबत गेलो. तीन मजली इमारत. जिन्याला ग्रॅनाइट, वर्गांना पीओपीचं छत, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरा. दुसऱ्या मजल्यावर व्हरांड्याच्या टोकाला मागचा जिना. त्याच्या तोंडाशी चॅनल, म्हणजे सरकतं लोखंडी जाळीचं गेट, आणि त्याला मुठीएवढं कुलूप. ‘चाबी गार्ड के पास रहती है, भाईसाहब,’ सोबतच्या शिक्षिका म्हणाल्या. गार्ड खाली, मुख्य फाटकाशी. भाचीला म्हटलं, चल, चावी घेऊन येऊ. खाली उतरून, त्याच्या जुडग्यातली नेमकी चावी शोधून, वर येऊन कुलूप निघेपर्यंत साडेचार मिनिटं झाली होती. चॅनल अर्ध्यावर येऊन अडकला, कारण खालच्या रुळात सिमेंट सांडून घट्ट झालं होतं. जिन्यावर जुनी बाकं रचून ठेवलेली.

या सदरात शाळांच्या इमारतींबद्दल मी अनेकदा लिहिलं आहे, पण त्या साडेचार मिनिटांत जे कळलं ते आधी कळलं नव्हतं. इमारतीची सुरक्षा आणि मुलांची राखण या दोन गोष्टी आपण एकाच शब्दात कोंबतो, आणि दारापाशी आल्यावर त्या एकमेकींच्या आड येतात. बाहेरचं कुणी आत येऊ नये म्हणून जे कुलूप लागतं, तेच आतल्या मुलाला बाहेर पडू देत नाही.

लखनौला हे कुणी सांगायला नको. ५ सप्टेंबर २०२२, सोमवार, शिक्षक दिन. हजरतगंजमधल्या लेवाना हॉटेलला सकाळी आग लागली आणि चार माणसं गेली. खिडक्यांना लोखंडी जाळ्या होत्या, त्या तोडून जवानांना आत शिरावं लागलं. शहरातल्या नावाजलेल्या शाळा याच हजरतगंजच्या आसपास आहेत. पुढे २४ जानेवारी २०२३ला वजीर हसन रोडवरची अलाया अपार्टमेंट कोसळली. ७ सप्टेंबर २०२४ला ट्रान्सपोर्ट नगरात तीन मजली इमारत बसली, आठ जण दगावले. दर वेळी नोटिसा निघाल्या.

शाळांसाठी नियम नाहीत असं मुळीच नाही. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणमला स्वयंपाकघरातली आग वर्गांवरच्या झावळ्यांच्या छपराला लागली आणि ९४ मुलं जळून गेली. वरच्या मजल्यावरून उतरायला अरुंद जिना होता. त्या घटनेनंतर अविनाश मेहरोत्रा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे इमारत असल्याखेरीज शाळेला मान्यता देऊ नका. सहा महिन्यांत सगळ्या शाळांत अग्निशामक साधनं बसवा. शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना ती चालवायला शिकवा. बांधकामाची ठरावीक काळाने तपासणी करा. बालवाडी आणि प्राथमिकचे वर्ग तळमजल्यावर असावेत, मजले तळमजला धरून तीनच असावेत, स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून दूर असावं, वर्गाचं दार अपुरं असेल तर मोठं करावं, इतक्या बारकाव्यात तो निकाल जातो.

त्याला पंधरा वर्षं झाली तरी तोच प्रश्न पुन्हा लखनौच्याच न्यायालयात उभा होता. गोमती नदीकाठच्या रहिवाशांची अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढची याचिका मूळची शाळा सुटताना होणाऱ्या वाहतूककोंडीची. रस्त्यावरची मुलं सुरक्षित नाहीत, तर आतली आहेत का, असं विचारत न्यायालय २००९च्या निकालापर्यंत पोचलं आणि अंमलबजावणीचा हिशेब मागू लागलं. राज्यातल्या लाखाहून अधिक शाळांच्या तपासणीची गोष्ट २०२४मध्ये तिथे निघाली. ज्या दिवशी निकाल लागला, त्या दिवशी पहिलीत बसलेलं मूल तोवर कॉलेजातून बाहेर पडलं होतं.

तपासणी झाली तरी माझी शंका उरतेच. मान्यता एकदाच मिळते. इमारत मात्र दर मे महिन्यात बदलते. कधी वर्ग वाढले म्हणून व्हरांड्याला भिंत घालतात, कधी जिन्याखाली रद्दीची खोली करतात, गच्चीवर पत्रा टाकून प्रयोगशाळा थाटतात. आडव्या सरकणाऱ्या खिडक्या बसवून बाहेरून ग्रिल ठोकतात. यातलं प्रत्येक काम चांगल्या हेतूने होतं. आणि फाइलमधला नकाशा दहा वर्षांपूर्वीचाच राहतो. नव्या शाळेला निदान परवानगीसाठी फेऱ्या माराव्या लागतात, जुन्या शाळेतल्या फेरफाराला कुणी विचारत नाही. लखनौ भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतं आणि गोमतीच्या गाळावर उभं आहे. तिथे जुन्या खांबांवर एक मजला चढवणं हा संरचना अभियंत्याच्या सहीशिवाय होऊच नये असा निर्णय आहे.

आपण मराठी माणसांनी हे दूरचं समजू नये. ऑगस्ट २०१७मध्ये नगरजवळच्या निंबोडीत जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळून तीन मुलं गेली. राजस्थानात झालावाडच्या पिपलोदीत २५ जुलै २०२५ला सात. वरून खडे पडताहेत असं आम्ही सांगत होतो, असं तिथली वाचलेली मुलं नंतर म्हणाली. आपल्या खेड्यातल्या मुख्याध्यापकांना विचारा, ‘निर्लेखन’ हा शब्द त्यांना तोंडपाठ असतो. धोकादायक वर्गखोली पाडण्याचा प्रस्ताव पाठवायचा आणि वाट बघायची. खोली पाडता येत नाही, वापरायची नाही, आणि पाऊस आला की मुलं तिच्याच आडोशाला उभी राहतात.

ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना उघड झाली आणि महाराष्ट्र सरकारने शाळांना कॅमेरे बसवायला लावले. ते हवेच होते. ज्या आईबापांची लेकरं शाळेत असतात त्यांची ती मागणी अगदी रास्त आहे. पण कॅमेऱ्यांपाठोपाठ ठिकठिकाणी फाटकं, ग्रिल आणि कुलपंही वाढली, आणि आग लागल्यावर मुलं कुठून बाहेर पडतील हे त्याच बैठकीत कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. बाहेरून बंद आणि आतून हाताच्या धक्क्याने उघडणारं दार करता येतं. दाराला आतून आडवा दांडा असतो, तो ढकलला की कडी सुटते. चावी लागत नाही, सहा वर्षांच्या मुलालाही ते जमतं. मॉलमध्ये आणि सिनेमागृहात आपण ते रोज बघतो. शाळेत का नसावं?

म्हणून माझी मागणी साधी आहे. कोणत्याही शाळेने सुट्टीत बांधकाम काढलं, की वर्ग भरायच्या आधी अभियंत्याने आणि अग्निशमन दलाने इमारतीत येऊन बघावं, आणि मुलांना सगळ्या जिन्यांवरून उतरवून दाखवावं. घड्याळ लावून. पालकांसमोर. ठरवून दिलेल्या वेळेत मुलं मैदानात आली नाहीत तर वर्ग भरू नयेत, ग्रॅनाइट कितीही चकचकीत असो. पालकसभेत फीबद्दल आपण जितक्या ताकदीने बोलतो, तितक्या ताकदीने मागच्या जिन्याबद्दल बोललं पाहिजे. आग विझवायच्या लाल सिलिंडरवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, चिठ्ठीवर भरल्याची तारीख कोणती आहे, हे वाचायला अर्धं मिनिट लागतं. भाचीच्या शाळेतला सिलिंडर ट्रॉफींच्या कपाटामागे होता. तारीख वाचता आली नाही, कारण कपाट हलत नव्हतं.

परतताना रिक्षात मी तिला विचारलं, पुढचा जिना धुराने भरला तर तुम्ही काय कराल? ती चौथीत आहे. थोडा विचार करून म्हणाली, ‘मामा, आम्ही वरून गार्ड अंकलना हाक मारू.’