बाळंतिणीला आमिष नको, तिची मजुरी द्या!

१ ते ७ ऑगस्ट हा जागतिक स्तनपान सप्ताह. दवाखान्यांच्या भिंतींवर गुटगुटीत बाळांची चित्रे लागतात, आईच्या दुधाच्या महतीवर भाषणे होतात. नेमक्या त्याच दिवसांत बाभुळगाव तालुक्यात निंदणाची घाई असते. दोन-तीन महिन्यांची बाळंतीण सोयाबीनच्या ओळीत वाकलेली असते आणि तिचे तान्हे घरी सासूजवळ, नाहीतर धुऱ्यावरच्या झोळीत असते. तिला दुधाचे महत्त्व पटवायला निघालेल्यांना आम्ही विचारतो, तिला ते ठाऊक नाही असे तुम्हाला कोणी सांगितले? दूध दाटून तिची छाती दुखते, पोलके भिजते, तरी ओळ संपल्याशिवाय ती उठू शकत नाही. उठली तर मजुरी बुडते आणि उद्या बोलावणे येत नाही.

या बाईसाठी राज्यकर्त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे आमिष. २०१० साली केंद्र सरकारने इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना काढली. पहिल्या दोन जिवंत अपत्यांपर्यंत ४,००० रुपये, तेही तीन तुकड्यांत. शेवटच्या १,००० रुपयांची एक अट अशी की, सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही दिले नाही हे आईनेच सांगायचे. म्हणजे चौथ्या महिन्यात जिला पोटासाठी पऱ्हाटीत उतरावे लागले आणि जिच्या मागे बाळाला गाईचे दूध पाजले गेले, त्या आईपुढे दोनच वाटा उरल्या: खोटे बोलायचे किंवा पैसे सोडायचे. गरिबीने जिचे दूध तोडले, तिलाच त्याबद्दल दंड! आईच्या इमानाची अशी परीक्षा घेणाऱ्या अटीचा आम्ही धिक्कार करतो.

ही योजना महाराष्ट्रात फक्त भंडारा आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत चालली. बाभुळगावहून धामणगावच्या रस्त्याला लागा, जिल्ह्याची हद्द ओलांडली की अमरावती. रान तेच, कापूस तोच, मजुरीचे हालही तेच. धामणगावची बाळंतीण सरकारच्या लेखी आई होती आणि बाभुळगावची नव्हती.

२०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. त्याच्या चौथ्या कलमाने सरकारी नोकरीत नसलेल्या किंवा अन्य कायद्याने असा लाभ न मिळणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. ३१ डिसेंबर २०१६ रोजी पंतप्रधानांनी देशासमोर त्याच ६,००० रुपयांची घोषणा केली. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली ती ५,००० रुपयांची आणि फक्त पहिल्या अपत्यापुरती. उरलेले जननी सुरक्षा योजनेतून मिळून सरासरी ६,००० होतील, असा हिशेब सांगण्यात आला. महाराष्ट्राच्या खेड्यात जननी सुरक्षेचे मिळतात ७०० रुपये, तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला. बेरीज होते ५,७००. कायद्याने हक्क आईला दिला आहे, सरासरीला नाही! २०२२ पासून दुसऱ्या अपत्यालाही पैसे मिळू लागले, पण ते मुलगी झाली तरच. दुसऱ्या खेपेला मुलगा झाला, तर त्या बाळंतिणीची झीज भरून निघते काय? हा कायद्याचा उघड भंग आहे आणि तो वर्षानुवर्षे चालू आहे.

त्या ५,००० रुपयांची किंमत बघा. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे हे पैसे सोळा दिवसांच्या मजुरीइतके. बाळाला फक्त अंगावर पाजायचे दिवस १८०. सरकारी नोकरीतल्या बाईला १८० दिवस भरपगारी रजा आहे, कारखान्यातल्या कामगार स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवडे मिळाले. ते योग्यच झाले. मग कापूस वेचणाऱ्या बाईचे मूल सोळा दिवसांत मोठे होते काय?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते की, आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. पुढच्या वर्षी कायदा झाला, पण कारखान्यांपुरता. शेतमजूर बाई तेव्हा बाहेर राहिली, ती आजही बाहेरच आहे.

बक्षिसाचे समर्थक परदेशाकडे बोट दाखवतात. इंग्लंडमध्ये, जिथे अंगावर पाजण्याची चालच मोडत चालली होती अशा भागांत, शेफील्डच्या संशोधकांनी मातांना एकूण २०० पौंडांपर्यंत खरेदीची कुपने देऊ केली. २०१७ साली निकाल आला. सहा ते आठ आठवड्यांच्या बाळांना अंगावर पाजण्याचे प्रमाण कुपने नसलेल्या भागांत ३१.७ टक्के, असलेल्या भागांत ३७.९ टक्के. तिथे प्रश्न सवयीचा होता, म्हणून तो उपाय थोडाफार चालला. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर आढळली. भारतीय आईची इच्छा कमी पडलेली नाही. त्याच पाहणीत ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली, तरी पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे फक्त ४१.८ टक्के. बाई तुमच्या खाटेवर, तुमच्या डॉक्टर-परिचारिकांच्या हाती असताना बाळाला चीक वेळेवर मिळत नसेल, तर दोष आईचा कसा? आधी तुमच्या प्रसूतिगृहात पुरेशी माणसे नेमा आणि मग तिला शिकवा.

पैसा नाही, हे उत्तर आम्ही मानणार नाही. जे राज्य जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणींना महिन्याला १,५०० रुपये देऊ शकते, ते बाळंतिणीच्या सहा महिन्यांचा भार उचलू शकते. तमिळनाडू गरीब गर्भवतीला १८,००० रुपयांची मदत २०१८ पासून देत आले आहे. महाराष्ट्राने त्याच्या मागे राहावे, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

बाभुळगाव तालुक्यातल्या बायाबापड्यांनो, येत्या ग्रामसभेत उभ्या राहा आणि ठराव लिहून घ्या: कितव्याही बाळंतपणाला, मुलगा होवो की मुलगी, कायद्याचे ६,००० आधी द्या, १८० दिवसांची मजुरी रोजगार हमीच्या दराने, कसलीही अट न घालता द्या, आणि निंदण-वेचणीच्या दिवसांत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवा. ठरावाची प्रत आमदाराच्या हाती द्या, पोच घ्या आणि पुढच्या निवडणुकीत तो मत मागायला दारी येईल तेव्हा तीच पोच त्याच्यापुढे धरा.